खिडकीताई आणि एका फोनवरच्या दोन जावा

डोळ्यांच्या त्या दवाखान्यात एकवीस वर्षं एक नोंदणीची खिडकी होती आणि तिच्यामागे एक बाई बसायच्या. त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं, पण लोकांच्या तोंडी बसलं ते खिडकीताई. सकाळी आठला काच सरकायची, ताई चष्मा पुसून नाकावर ठेवायच्या आणि पहिल्या माणसाला विचारायच्या, "नाव? वय? कुठला डोळा?" मग नाव वहीत जायचं, नंबर कार्डावर पडायचा आणि कार्ड काचेखालून बाहेर सरकायचं.

ताईंची खरी करामत चेहऱ्यांची होती. नंबर घेऊन झालेला माणूस पुन्हा रांगेत उभा राहिला, की त्यांना एका नजरेत कळायचं. "आजोबा, तुम्हाला मघाशीच नंबर दिलाय. वरच्या खिशात बघा." आजोबा खिसा चाचपायचे, कार्ड तिथेच निघायचं आणि रांगेत हशा पिकायचा. यात कुणाची लबाडी नसायची. डोळ्याला कमी दिसायला लागलं की माणसाला कशाचीच खात्री वाटेनाशी होते, हे ताईंना पुरतं माहीत होतं.

मग एक दिवस ठरलं की नंबर आता घरबसल्या वेबसाइटवरून घ्यायचा. खिडकी बंद होणार. नोंदणी विभागातल्या तिघींपैकी एक औषधांच्या विभागात गेली, दुसरी जुन्या फायलींकडे. ताईंना अधीक्षकांनी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मला दुसऱ्या मजल्यावर टाका. कॉम्प्युटरच्या खोलीत."

"तिथे तुम्ही काय करणार?" अधीक्षक म्हणाले. त्यात कुत्सितपणा नव्हता, नवल होतं. ताई तेव्हा त्रेचाळीस वर्षांच्या होत्या.

"ज्याने माझी खिडकी बंद केली ते आहे तरी काय, एवढं बघीन म्हणते."

दुसऱ्या मजल्यावर दवाखान्याचा एकुलता एक प्रोग्रॅमर बसायचा. साठीला टेकलेला, गुडघ्यांनी बेजार झालेला माणूस. कुणी काही विचारलं की कागद ओढून चौकोन आणि बाण काढत समजावून सांगायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणायचे. अधीक्षकांनी बिचकतच ताईंचं नाव काढलं, तर मास्तर म्हणाले, "पाठवा की. प्रोग्रॅमिंग मी शिकवीन. रांग म्हणजे काय ते शिकवायला मला जमणार नाही, ते त्यांना येतं."

घरी सासूबाई होत्या, पंचाहत्तरीच्या. त्यांनी दुसऱ्याच दिवशी सकाळचं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. "तू अभ्यासाला बस. भाजी चिरायला परीक्षा द्यावी लागत नाही." शिवाय संध्याकाळी मटार सोलताना त्या सुनेकडून दिवसभराचा धडा ऐकून घ्यायच्या. कळो न कळो, प्रश्न मात्र विचारायच्या. ताई पुढे नेहमी सांगायच्या, की आपल्याला किती समजलंय ते मास्तरांपुढे नाही, सासूबाईंपुढे उघडं पडायचं.

दीड वर्षात ताई बऱ्यापैकी तयार झाल्या. नंबर घ्यायचं पान त्यांच्याकडे आलं. फॉर्ममध्ये नाव, वय, पत्ता, फोन आणि तारीख भरायची, बटण दाबायचं, की दवाखान्याच्या मुख्य कॉम्प्युटरवर, म्हणजे सर्व्हरवर, नोंद व्हायची. दिवसाला साठ जागा.

आणि मग भलतंच व्हायला लागलं. सोमवारची यादी तासाभरात भरायची, पण प्रत्यक्षात माणसं यायची पस्तीस-छत्तीस. बाकीच्यांना "जागा नाहीत" म्हणून घरी बसावं लागायचं आणि डॉक्टर दुपारी रिकामे. ताईंनी यादी छापून घेतली. एका बाईंचं नाव सलग नऊ वेळा होतं.

"या बाईंनी नऊ नंबर कशाला घेतले असतील?" ताईंनी मास्तरांना विचारलं.

मास्तरांनी कागद ओढला. "घेतले नाहीत. घेतले गेले. बटण दाबलं, पान हळू चाललं, बाई घाबरल्या. त्यांनी पान रिफ्रेश केलं. आता गंमत बघा. फॉर्म पाठवल्यावर येणारं पान पुन्हा ताजं केलं, की ब्राउझर मघाचाच भरलेला फॉर्म पुन्हा पाठवतो. 'पुन्हा पाठवू का?' असं विचारतो खरं, पण ते वाचतंय कोण. आणि सर्व्हरला कुठे ठाऊक, की ही मघाचीच बाई आहे? पहिल्यांदा आलेलं कोण आणि रिफ्रेश करून आलेलं कोण, हे त्याला आपणहून कळत नाही. त्याच्या लेखी दर वेळी नवीनच माणूस दारात."

ताई कागदाकडे बघत राहिल्या. "म्हणजे माझ्या जागी विसराळू माणूस बसवलाय."

"अगदी तसंच. त्याला लक्षात ठेवायला आपण शिकवायचं. पण घाई करू नका, मी आलो की दोघं मिळून करू." मास्तरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ते महिनाभर सुट्टीवर गेले.

इकडे अधीक्षक रोज विचारायला लागले. डॉक्टरांची कुरकुर वाढली. आठवडाभर ताईंनी कळ काढली आणि मग स्वतःच एक युक्ती केली. एका फोन नंबरावरून एका दिवशी एकच नोंद. त्याच फोनवरून दुसऱ्यांदा फॉर्म आला, तर नवीन काही लिहायचं नाही, नुसतं दाखवायचं, "तुमची नोंदणी झाली आहे." चार ओळींचं काम. दुसऱ्या दिवशी यादी आरशासारखी स्वच्छ. अधीक्षक स्वतः जिना चढून शाबासकी द्यायला आले. त्या संध्याकाळी मटार सोलताना ताईंचा हात भलताच चपळ चालत होता.

हे सुख नऊ दिवस टिकलं.

दहाव्या दिवशी ताई काही कागद आणायला तळमजल्यावर उतरल्या, तेव्हा स्वागतकक्षासमोर दोन म्हाताऱ्या बायका उभ्या होत्या. एक उंच, काठी टेकलेली. दुसरी तिच्याहून लहान, कपाळाला रुमाल बांधून, एक डोळा अर्धवट मिटलेली. टेबलामागची मुलगी समजावत होती, "आजी, स्क्रीनवर एकच नाव आहे. मोठ्या आजींचं. या दुसऱ्या आजींची नोंदच नाही. पुढची मोकळी तारीख बारा दिवसांनी आहे."

"मग माझा नंबर हिला द्या," उंच बाई म्हणाली. "माझा मोतीबिंदू काय, चार वर्षं पिकतोय, अजून चार वर्षं पिकेल. माझी धाकटी जाऊ आहे ही. चार दिवस हिचं डोकं ठणकतंय. दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात म्हणते."

"तसं नाही चालत हो आजी. कार्ड तुमच्या नावाचं आहे."

धाकटी जाऊ हळूच म्हणाली, "जाऊ द्या जाऊबाई. मलाच मोबाईल नीट येत नाही. मीच काहीतरी चुकीचं दाबलं असणार." आणि ती दाराकडे वळलीसुद्धा.

ताई पुढे झाल्या. "तुमच्या दोघींत फोन एकच आहे का हो?"

"एकच," थोरली म्हणाली. "दोघींचे नवरे गेले, मुलं दूर. घर एक, फोन एक. हिनेच आधी माझं भरलं, मग स्वतःचं. दोन्ही वेळा 'झालं' असंच आलं होतं की."

आलंच असणार. ताईंनीच ते लिहिलं होतं.

ताईंनी कागदाचं काम तिथेच सोडलं, धाकटीचा हात धरला आणि तिला घेऊन थेट डॉक्टरांच्या खोलीपाशी गेल्या. एकवीस वर्षांत त्यांनी कधी कुणाला रांगेतून पुढे घातलं नव्हतं. डॉक्टर दारातच भेटले. ताई एवढंच म्हणाल्या, "डोकं ठणकतंय, दिव्याभोवती कडी दिसतात, चार दिवस झाले." खिडकीत बसून बसून त्यांना कळलं होतं, की कुठलं दुखणं थांबू शकतं आणि कुठलं नाही.

डॉक्टरांनी डोळ्यातला दाब मोजला. थेंब घातले, गोळी दिली, दुपारीच लेझर करायचं ठरवलं. बाहेर येऊन ताईंना म्हणाले, "बरं झालं आणलंत. ह्या परत गेल्या असत्या, तर बारा दिवसांनी या डोळ्यात वाचवण्यासारखं काही राहिलं नसतं."

ताई दुसऱ्या मजल्यावर गेल्या आणि आधी त्या चार ओळी काढून टाकल्या. मग लेझर उरकल्यावर पुन्हा खाली आल्या. दोघी जावा व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या होत्या, धाकटीच्या डोळ्यावर पट्टी होती. ताई शेजारी बसल्या. त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही काही चुकीचं दाबलं नव्हतं. चूक माझी आहे. एकाच फोनवर दोन माणसं असू शकतात हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुमचं नाव मी लिहिलेल्या प्रोग्रॅमने गिळलं."

थोरलीच्या कपाळावर आठ्या पडल्या. धाकटी मात्र म्हणाली, "तुम्ही सांगितलंत ते फार बरं केलंत हो."

"बरं कसलं?"

"सकाळपासून मनात तेच चाललं होतं. आपण अडाणी, आपल्याला जमत नाही, आपल्यापायी जाऊबाईंची पण फरफट. तुम्ही बोलला नसता, तर तेच धरून बसले असते जन्मभर." तिने चाचपडत ताईंचा हात शोधला आणि धरून ठेवला. "म्हणजे मला मोबाईल येतो."

"येतो," ताई म्हणाल्या.

घरी मात्र त्यांचा धीर सुटला. सासूबाईंना म्हणाल्या, "मी उद्या अर्ज देते. फायलींकडे जाते. हे माझं काम नव्हे."

सासूबाई मटार सोलत होत्या, त्या थांबल्या नाहीत. "खिडकीत कधी कुणाचं कार्ड चुकलं नव्हतं तुझ्याकडून?"

"चुकायचं की."

"मग काय करायचीस?"

"उठून त्या माणसाला शोधायची. दुरुस्त करून द्यायची."

"आज काय वेगळं केलंस?" सासूबाईंनी विचारलं आणि मटाराची परात सुनेकडे सरकवली.

अर्ज काही गेला नाही. पण जुना घोळ परत सुरू झाला होता, नऊ-नऊ नोंदी पडत होत्या. मग ताई रोज सकाळी सातला यायच्या, यादी छापायच्या आणि लाल पेनाने डुप्लिकेट नावं एकेक करून खोडायच्या. शंका आली तर फोन करून विचारायच्या. दोन आठवडे हे असं चाललं. त्या फोनांवर त्यांना एक गोष्ट उमगली. लोक बटण पुन्हा पुन्हा दाबतात ते उतावीळपणाने नाही. आपलं म्हणणं पोचलं की नाही, हे त्यांना कुणी सांगतच नाही, म्हणून दाबतात.

मास्तर काठी टेकत परत आले. ताईंनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मास्तर ऐकून म्हणाले, "मी तुम्हाला थांबा म्हणालो. का थांबा ते नाही सांगितलं. अर्धी चूक माझ्या नावावर लिहा." मग कागद ओढला.

त्यांनी मांडलेलं साधं होतं. माणसाला ओळखायला जाऊच नका, फॉर्मला ओळखा. नंबर घ्यायचं कोरं पान कुणी पहिल्यांदा उघडलं, की सर्व्हरने त्या पानात एक गुप्त खूण घालून द्यायची, प्रत्येक पानाला वेगळी. फॉर्म भरून आला की खूण बघायची. वापरलेली नसेल तर नोंद करायची आणि खूण मोडीत काढायची. तीच खूण पुन्हा आली तर समजायचं, की हा रिफ्रेश आहे. मग नवीन काही लिहायचं नाही, आधीची पावती दाखवायची. आणि नोंद झाल्याबरोबर माणसाला फॉर्मच्या पानावर न ठेवता सरळ पावतीच्या पानावर न्यायचं. तिथे त्याने कितीदाही रिफ्रेश केलं तरी पावतीच पुन्हा दिसेल.

"पावतीवर मोठ्या अक्षरात नाव आणि नंबर," ताई म्हणाल्या. "म्हणजे दाबायची गरजच वाटणार नाही."

ताईंनी आठ दिवस खपून ते लिहिलं. मास्तरांनी तपासलं आणि एकच प्रश्न विचारला, "बटण दोनदा पटकन दाबलं आणि दोन्ही फॉर्म एकाच क्षणी आले तर? सर्व्हरला दोन्हींची खूण कोरीच दिसेल." ताईंना ते सुचलं नव्हतं. मग एका खुणेवर एकच नोंद, हा नियम त्यांनी थेट डेटाबेसलाच, म्हणजे नोंदी साठतात त्या जागेलाच, घातला. दोघं एकदम आले तरी दुसऱ्याला दार बंद.

हे सुरू करण्याआधी ताईंनी एक गोष्ट केली. धाकट्या जाऊबाई तपासणीला येणार होत्या, त्या दिवशी दोघींना वर बोलावलं. चहा मागवला. त्यांच्याच फोनवर नवीन पान उघडून दिलं. थोरलीला म्हणाल्या, "नाव भरा, बटण दाबा आणि मग वाट्टेल तितकं रिफ्रेश करा."

"वाट्टेल तितकं?"

"मोडून दाखवा."

थोरलीला आयुष्यात असं कुणी सांगितलं नसावं. काठी बाजूला ठेवून ती जी सुटली, ती चहा निवेपर्यंत थांबली नाही. ताईंच्या स्क्रीनवर नोंद एकच. मास्तरांनी मान डोलावली.

"आता माझं भरू?" धाकटीने विचारलं. पट्टी निघाली होती, डोळा अजून लालसर होता. तिने फोन घेतला, काही दाबलं आणि पावती दिसताच, वरचं नाव न वाचता, म्हणाली, "झालं."

स्क्रीनवर नोंद अजूनही एकच होती, थोरलीची.

ताईंनी अगदी हळू विचारलं, "बाई, तुम्ही नेमकं काय केलंत? पुन्हा करून दाखवता?"

"नेहमीसारखंच. मागे गेले. जाऊबाईंचा फॉर्म भरलेला होताच, त्यात नुसतं नाव आणि वय बदललं. पत्ता, फोन पुन्हा कोण लिहीत बसणार? त्या दिवशीही असंच केलं होतं."

मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. मागे गेल्यावर समोर आलं होतं ते जुनंच पान, जुन्याच खुणेसकट. सर्व्हरला वाटलं रिफ्रेश, आणि धाकटीचं नाव दुसऱ्यांदा गिळलं गेलं. चाळीस वर्षांचा अनुभव आणि आठ दिवसांची मेहनत यांना जे दिसलं नव्हतं, ते एका डोळ्याने बघणाऱ्या बाईने चहाच्या वेळात दाखवून दिलं.

ताई तिथेच दोघींच्या समोर कामाला बसल्या. वापरलेली खूण परत आली, तर आत लिहिलेलं आधीच्या नोंदीशी ताडून बघायचं. सगळं तेच असेल तर रिफ्रेश, पावती दाखवा. नाव वेगळं असेल तर गप्प बसायचं नाही, विचारायचं: "या फॉर्मवर आधी एक नोंद झाली आहे. ही दुसऱ्या व्यक्तीसाठी नवीन नोंद आहे का?" प्रश्नाचे शब्द धाकटीने सुचवले. ताईंनी आधी लिहिलेलं वाक्य ती म्हणाली, "सरकारी पत्रासारखं वाटतंय."

दुपारी एकच्या सुमाराला त्यांनी पुन्हा करून पाहिलं. थोरलीची एक नोंद, धाकटीची एक. मग थोरलीने पुन्हा फोन हिसकावून घेतला आणि मनसोक्त रिफ्रेश करून घेतलं. दोनच राहिल्या.

पुढल्या सोमवारी साठ जागांच्या यादीत अठ्ठावन्न माणसं होती आणि अठ्ठावन्न आली. अधीक्षक पुन्हा जिना चढून वर आले. या वेळी ताईंनी शाबासकी घेतली, पण अर्धी मास्तरांकडे सरकवली आणि म्हणाल्या, "उरलेली दोघी जावांची आहे, ती मी त्यांना घरी पोचवते." आणि रविवारी खरंच गेल्या, सासूबाईंना बरोबर घेऊन. थोरली आणि सासूबाई यांचं असं काही जमलं, की निघताना ताईंना तीनदा हाका माराव्या लागल्या.

धाकटीचा डोळा वाचला. पूर्वीइतका नाही, पण सुईत दोरा ओवण्याइतका. थोरलीनेही शेवटी मोतीबिंदू काढून घेतला. मास्तर वर्षभराने निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी ताईंनी भाषण लिहून नेलं होतं, ते पर्समध्येच राहिलं. त्या फक्त म्हणाल्या, "तुम्ही मला 'पाठवा की' म्हणालात." मास्तर म्हणाले, "माझं आयुष्यातलं सगळ्यात छोटं वाक्य असेल ते."

आता दुसऱ्या मजल्यावर ताईंच्या हाताखाली दोन प्रोग्रॅमर आहेत. त्यातली एक नवी आली तेव्हा जुनं काम चाळत होती. नंबरच्या पानाच्या प्रोग्रॅममध्ये, त्या ताडून बघण्याच्या भागावर तिला एक टीप दिसली. प्रोग्रॅमर माणसं एकमेकांसाठी अशा टिपा लिहून ठेवतात, यंत्र त्या वाचत नाही. टीप अशी होती: "हा भाग दोन जावांनी दाखवलेल्या चुकीवरून लिहिला आहे. त्यांचे आभार. सोपं दिसतं म्हणून काढू नये."

"ताई, या जावा म्हणजे काय आहे?" तिने विचारलं. "प्रोग्रॅमिंगच्या जावा भाषेच्या दोन आवृत्त्या का?"

ताई खूप हसल्या. मग खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या आणि पहिल्यापासून सांगायला लागल्या.